शेकली आधी वाचायचा की कॉर्नब्लुथ? (आणि ब्राऊनचं काय करायचं)

1950 च्या आसपासची अमेरिकन सायन्स फिक्शन वाचायचीये, असिमॉव्ह, क्लार्क, ब्रॅडबरी थोडेफार वाचून झालेत, जाडजूड कादंबरी नकोय, छोट्या कथा हव्यात आणि सध्या एकच लेखक हातात घ्यायचाय, असं कुणी विचारलं की हमखास तीन नावं पुढे येतात. रॉबर्ट शेकली, सिरिल कॉर्नब्लुथ आणि फ्रेडरिक ब्राऊन. आणि तिघांबद्दल लोक एकच वाक्य फेकतात, "भारी विनोदी लिहितो, शेवटी ट्विस्ट असतो". यातून काय कळलं? काहीच नाही. तिघांचा विनोद वेगळा, ट्विस्ट वेगळा, आणि आपल्याला न मानवणाऱ्या माणसापासून सुरुवात झाली तर दोन कथांत पुस्तक बाजूला पडतं ते पडतंच.

माझं मत आधीच देऊन टाकतो. तिघांत मोठा लेखक कॉर्नब्लुथ. पण आधी वाचायचा शेकली. ब्राऊन अधूनमधून. आता का ते.

तो काळ थोडा माहीत असला की बरं पडतं. 1950 च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कमधून 'गॅलेक्सी' नावाचं मासिक सुरू झालं, संपादक होरेस गोल्ड. या गोल्डला महायुद्धातून आल्यावर घराबाहेर पडायचीच भीती बसलेली, त्यामुळे त्याने सगळं मासिक मॅनहॅटनमधल्या आपल्या फ्लॅटमध्ये बसून, बरंचसं फोनवर, चालवलं, लेखक मंडळीच त्याच्याकडे पत्ते खेळायला आणि कथांवरून वाद घालायला जायची. शब्दाला किमान 3 सेंट द्यायचा, या धंद्यात तेव्हा हे चांगलेच पैसे होते, आणि त्या बदल्यात लोकांच्या कथांमध्ये बिनधास्त हात घालायचा, त्यावरून शिव्याही खायचा. त्याआधी जॉन कॅम्पबेल या संपादकाच्या 'अस्टाउंडिंग' मासिकाचा दबदबा होता, तिथला हीरो साधारण इंजिनिअर असायचा, प्रॉब्लेम आला की डोकं लावून सोडवणार आणि कथा संपणार. गोल्डला यंत्र कसं चालतं यात फारसा रस नव्हता, ते यंत्र घराघरात पोचल्यावर माणसं कशी वागतील यात होता. शेकली हा जवळजवळ पूर्णपणे याच मासिकात घडलेला लेखक. कॉर्नब्लुथ आणि ब्राऊन आधीपासून लिहीत होते, नंतर इथे आले.

शेकलीचा जन्म 1928 चा, ब्रुकलिनचा, वाढला न्यू जर्सीत. 1946 ते 48 सैन्यात, पोस्टिंग कोरियाला. मग न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीची डिग्री 1951 ला आणि 1952 पासून कथांचा नुसता धडाका. 1954 ला पहिला संग्रह आला, 'अनटच्ड बाय ह्यूमन हँड्स', लगेच 55 ला दुसरा, 57 ला तिसरा, शिवाय फिन ओ'डोनेव्हन वगैरे टोपणनावांनी लिहिलेलं वेगळंच. म्हणजे ज्या कथांसाठी त्याचं नाव आहे त्यातल्या बहुतेक त्याने तिशी गाठायच्या आत लिहून टाकल्या. पुढे कादंबऱ्या, पाच लग्नं, इबिझा बेटावर मुक्काम, 'ओम्नी' मासिकात कथाविभागाचा संपादक, असं बरंच काही झालं, रशियन वाचकांत तर त्याचं अमेरिकेपेक्षा जास्त कौतुक होतं असं म्हटलं तरी चालेल. 2005 ला युक्रेनमध्ये एका सायन्स फिक्शन संमेलनाला गेलेला असताना खूप आजारी पडला, कसाबसा परत नेला, आणि डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क राज्यात गेला.

आता त्याची 'वॉचबर्ड' घ्या, 1953 ची. खून करणाऱ्या माणसाच्या मेंदूतून खुनाच्या आधी विशिष्ट लहरी निघतात असा शोध लागलेला असतो, मग सरकार उडणारी यंत्रं बनवून घेतं, ती वर घिरट्या घालणार, लहर पकडली की झेप घेऊन शॉक देणार, खून टळला. सगळ्या गुन्हेगारांच्या मेंदूतून लहरी निघतात असं नाही म्हणून यंत्रांना स्वतःहून शिकायची सोय दिलेली असते आणि एकाने शिकलेलं बाकीच्यांना कळतं. इथपर्यंत सगळं छान. मग यंत्रं 'खून' या शब्दाचा अर्थ स्वतःच रुंदावत नेतात. कत्तलखान्यातल्या माणसाला शॉक. ऑपरेशन टेबलवर पेशंटच्या अंगात सुरी घालणाऱ्या सर्जनला शॉक, आणि पेशंटचं काय झालं ते वेगळं सांगायला नको. मग शेत नांगरणाऱ्याला. गाडीचं इंजिन बंद करणं म्हणजे पण कुणालातरी मारणंच की! हे सगळं शेकली कसं सांगतो तर एकदम सरळ, सरकारी फाइलीवर रिमार्क मारावा तसं, कुठे आरडाओरडा नाही. आणि ही यंत्रं आवरायची कशी यावर माणसं जो तोडगा काढतात तो वाचून हसू येतं आणि लगेच पोटात गोळा येतो. तोडगा सांगत नाही. पण आज ज्याला आपण मशीन लर्निंग म्हणतो त्याबद्दलचा मूळ आक्षेप या माणसाने पंचविशी गाठायच्या आत, ट्रान्झिस्टर रेडिओसुद्धा बाजारात यायच्या आधी, पंचवीस-तीस पानांत मांडून ठेवलाय एवढं सांगतो.

शेकलीचा फॉर्म्युला हाच आहे खरं तर. कुणीतरी शहाण्यासारखा उपाय काढतो, उपाय चालतोही, आणि चालल्यामुळेच वाट लागते. 'सेव्हंथ व्हिक्टिम' मध्ये युद्धं थांबवण्यासाठी खून कायदेशीर केलेत, नाव नोंदवा, एकदा तुम्ही शिकारी, पुढच्या वेळी तुम्ही सावज (यावरून 1965 ला इटलीत सिनेमा निघाला, मार्चेल्लो मास्त्रोयानी आणि उर्सुला अँड्रेस). 'द प्राइझ ऑफ पेरिल' 1958 ची, त्यात टीव्ही शोचा स्पर्धक खऱ्याखुऱ्या गुंडांपासून जीव वाचवत पळतोय आणि देश घरी बसून बघतोय. रिअ‍ॅलिटी शो हा शब्दही तेव्हा नव्हता. 'अ टिकेट टू ट्रानाई' मध्ये एक भोळा माणूस आदर्श ग्रह शोधत जातो, तिथे कर वसूल करणारे अधिकारी तोंडाला फडकं बांधून रस्त्यात लुटतात आणि राष्ट्राध्यक्षाच्या गळ्यात स्फोटकाचं पदक असतं, जनतेला पसंत नाही पडला की बटण दाबायचं. मला विचाराल तर सगळ्यात गोड 'स्कल्किंग परमिट'. एक विसरलेली वसाहत असते, दोनशे वर्षांनी पृथ्वीवरून निरोप येतो की आमचा इन्स्पेक्टर येतोय, तुम्ही अस्सल पृथ्वीसारखे आहात ना बघायला. गावकरी घाबरतात, जुनी पुस्तकं काढतात, आणि त्यात जे जे असतं ते घाईघाईने उभं करतात, छोटी लाल शाळा, चर्च, तुरुंग. मग लक्षात येतं की पृथ्वीवर गुन्हेगार पण असतात, आपल्याकडे एकही नाही! म्हणून एका बिचाऱ्या कोळ्याला अधिकृत गुन्हेगार नेमतात, लेखी परवान्यासकट, आणि सांगतात, बाबा रे साहेब यायच्या आत एक तरी खून उरक. आपल्याकडे तपासणीच्या आदल्या दिवशी शाळेत भिंतींवर तक्ते लागतात आणि गैरहजर पोरांना घरून बोलावून आणतात, तोच सीन आहे हा, फक्त अंतराळात.

कॉर्नब्लुथकडे असं हसत हसत जाता येत नाही. जन्म 1923, न्यूयॉर्क. पंधरा-सोळाव्या वर्षापासून फ्युचरियन्स नावाच्या पोरांच्या टोळक्यात, ज्यात असिमॉव्ह आणि फ्रेडरिक पोल (पुढे याच्याबरोबर कॉर्नब्लुथने जोडीने लिहिलंही) पण होते, आणि विशीच्या आत टोपणनावांखाली ढीगभर मासिकी मजकूर पाडलेला. नाव लावायचा सी. एम. कॉर्नब्लुथ, त्यातला एम हा त्याचा स्वतःचा नव्हताच म्हणतात, बायकोचं नाव मेरी, म्हणून घेतला. मग महायुद्ध, युरोपातली बल्जची लढाई, ब्राँझ स्टार पदक. परत येऊन शिकागोला वृत्तसंस्थेत नोकरी, आणि 1950 च्या आसपास जो लिहायला लागला तो आधीचा पोरगा राहिलाच नव्हता. मोजून आठ वर्षं मिळाली त्याला. मार्च 1958 मध्ये बर्फ पडलेला, घरासमोरचा बर्फ फावड्याने काढला, एका मासिकाच्या कामासाठी शहरात जायचं होतं, उशीर झाला म्हणून स्टेशनकडे धावत गेला आणि प्लॅटफॉर्मवर हार्ट अटॅकने गेला. वय 34. युद्धात जड मशीनगन वाहून हृदय आधीच कमजोर झालं होतं असं सांगतात.

त्याची 'द लिटल ब्लॅक बॅग' 1950 ची. डॉक्टर फुल म्हणून एक म्हातारा, दारूपायी डॉक्टरकीचं लायसन्स गेलेलं, थंडीत गल्लीतून लंगडत चाललाय, कागदी पिशवीत स्वस्तातल्या वाइनच्या बाटल्या. भविष्यातली एक डॉक्टरी बॅग चुकून त्याच्या हाती लागते. आता गंमत बघा, ही बॅग एवढी हुशार का आहे, तर भविष्यातले डॉक्टर एवढे मठ्ठ आहेत म्हणून! त्यांच्या हातून चूक होऊच नये अशी बनवलीये. म्हातारा सुरुवातीला ती दारूच्या पैशासाठी गहाण ठेवायला निघालेला असतो, वाटेत एका आजारी पोरीवर वापरून बघावी लागते आणि पोरगी बरी होते, मग त्याच्या आतला मेलेला डॉक्टर हळूहळू उठून बसतो. सोबत अँजी नावाची तरुण मुलगी आहे, तिला बॅगमध्ये फक्त पैसा दिसतो, श्रीमंत बायकांच्या सुरकुत्या काढून द्यायचा धंदा. या दोघांत पुढे जे होतं ते मी नाही सांगणार, पण शेवटचं पान वाचून मी पुस्तक मिटवलं आणि बराच वेळ दुसरं काही वाचावंसं वाटलं नाही. शेकलीच्या एकाही कथेने असं केलेलं नाही. शेकलीत माणसं म्हणजे साधारण नाव आणि नोकरी, एवढंच, तुम्हाला एकाही पात्राचा चेहरा आठवणार नाही. डॉक्टर फुल आठवतो, त्याचा वास येतो.

मग कॉर्नब्लुथ आधी का नाही? कारण एक, 'द मार्चिंग मोरॉन्स'. 1951 ची, त्याची सगळ्यात गाजलेली, जिथे जाल तिथे हीच सुचवतात, आणि सुरुवात हिच्यापासून केली तर माणूस पळून जाईल असं मला वाटतं. भविष्यात पाच अब्ज मठ्ठ लोक आणि त्यांना पडद्यामागून सांभाळणारे तीस लाख हुशार लोक, कारण म्हणे हुशारांनी मुलं कमी काढली आणि बिनडोकांनी भरपूर. हे विज्ञान म्हणून चूकच आहे, बुद्धी अशी पिढीजात वाटपाने उतरत नाही, आणि या विचाराला सुप्रजननवाल्यांचा ('चांगल्या' लोकांनीच मुलं काढावीत म्हणणाऱ्यांचा) वास येतो, तो येणारच, आपल्याकडे 'त्यांना किती मुलं होतात' टाइपची फॉरवर्ड्स ज्यांनी वाचलीत त्यांना तर लगेच येईल. पण तिच्यात बारकावे असले आहेत की सोडवत नाही. मठ्ठांना वेगाची हौस म्हणून गाड्यांचे स्पीडोमीटर खोटे, काटा अडीचशेवर, वाऱ्याचा आवाज पण बनावट, गाडी मात्र आपली रमतगमत. आणि आपल्या काळातून झोपून उठलेला एक जमीन विकणारा एजंट, बार्लो, जो या हुशारांना 'प्रॉब्लेम' निकालात काढायचा उपाय विकतो. उपाय काय आणि तो कुणाकडून शिकलेला आहे हे कळलं की कथा अचानक 1951 ची होते, युद्ध संपून सहाच वर्षं झालेल्या जगातली. कॉर्नब्लुथला त्या उपायाची किळस आहे की नाही यावर लोक अजून भांडतात. मला वाटतं आहे, पण त्याला मठ्ठांचीही किळस आहे, आणि तीच अडचण.

म्हणून त्याची सवय व्हायला हवी. शिवाय इंग्रजी. शेकलीचं इंग्रजी शाळेत सेमी-इंग्लिशला असलेल्या माणसालाही बसल्या बैठकीत जमेल, छोटी वाक्यं, संवाद भरपूर. कॉर्नब्लुथ मात्र त्या काळच्या अमेरिकेतल्या जाहिराती, सेल्समनची भाषा, वर्तमानपत्री टोमणे सगळं गृहीत धरतो आणि कथेत मधूनच उतरवतो, पहिली दोन पानं कोण कुठे आहे तेच कळत नाही. मजा आहे त्यात, पण दिवसभर ऑफिस करून लोकलमध्ये उभ्याने वाचायचं असेल तर नको.

ब्राऊनचं थोडक्यात, कारण तोही थोडक्यातच लिहायचा. जन्म 1906, सिनसिनाटी, म्हणजे बाकी दोघांपेक्षा एक पिढी आधीचा. मिलवॉकीच्या पेपरात प्रूफरीडर होता आणि ते लिहिण्यात दिसतं, एक शब्द जास्तीचा सापडणार नाही (एका कथेत तर छापखान्यातलं लायनोटाइप मशीनच जिवंत होतं). मूळचा रहस्यकथावाला, पहिल्या कादंबरीला रहस्यकथांसाठीचा एडगर पुरस्कार. प्लॉट अडला की रात्रीच्या लांब पल्ल्याच्या बसमध्ये बसून निघून जायचा आणि सुटला की परत यायचा. कथा पानभराची, कधी दीड पानाची, आणि शेवटच्या ओळीत सगळं उलटं. 'आन्सर' वाचा, दोन मिनिटं लागतील, विश्वातल्या सगळ्या ग्रहांवरचे कॉम्प्युटर एकमेकांना जोडून त्यांना पहिला प्रश्न विचारतात, बास. 1944 ची 'अरेना' जरा मोठी आहे, 1967 च्या स्टार ट्रेक या टीव्ही मालिकेतल्या त्याच नावाच्या एपिसोडला तिचंच श्रेय दिलेलं आहे. पण ब्राऊनच्या दहा छोट्या कथा लागोपाठ वाचल्या की अकराव्याचा शेवट तुम्हाला दुसऱ्याच परिच्छेदात कळतो. शेकलीतही ट्विस्ट असतात पण तिथे शेवट आधी कळला तरी बिघडत नाही, मजा वाटेत आहे. ब्राऊनमध्ये वाटच नाही. म्हणून एका दिवशी दोनपेक्षा जास्त नको.

कुणासाठी काय नाही तेही सांगून ठेवतो. नारळीकरांच्या कथांवर वाढलेला वाचक असेल (1974 ला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं, तेव्हापासून आपल्याकडे विज्ञानकथेत विज्ञान खरं असलं पाहिजे हा आग्रह जरा जास्तच आहे), तर त्याने या तिघांकडून ती अपेक्षा सोडून द्यावी. शेकलीचं यान ग्रहावर कसं पोचलं, इंधन कुठलं, त्याला स्वतःलाच माहीत नसायचं आणि पर्वाही नसायची. आणि बायका. तिघांतही बायकांची पात्रं बहुतेक वेळा बायको, सेक्रेटरी किंवा बक्षीस. शेकली त्या व्यवस्थेची टर उडवतो कधीकधी, ट्रानाईवर नवरे बायकांना काम नसेल तेव्हा चक्क गोठवून ठेवतात आणि बायकांनाही ते सोयीचं वाटतं, पण टर उडवताना स्वतः कुठे उभा आहे ते काही नक्की कळत नाही. अँजी तेवढी खरी वाटते, आणि ती खलनायिका आहे.

मिळतात कुठे? शेकली आणि ब्राऊनच्या बऱ्याच कथांचा अमेरिकेतला कॉपीराइट त्या वेळी रिन्यूच केला गेला नाही, म्हणून प्रोजेक्ट गुटेनबर्ग या कॉपीराइटमुक्त पुस्तकांच्या वेबसाइटवर फुकट आहेत, 'वॉचबर्ड' तिथे आहे, 'आस्क अ फूलिश क्वेश्चन' आहे, कॉर्नब्लुथची 'मार्चिंग मोरॉन्स' पण आहे. पुस्तकच हवं असेल तर शेकलीचा 'स्टोअर ऑफ द वर्ल्ड्स' हा 2012 चा निवडक संग्रह घ्या, जोनाथन लेथम आणि अ‍ॅलेक्स अब्रामोविच यांनी केलेली निवड आहे. ब्राऊनच्या सगळ्या छोट्या सायन्स फिक्शन कथा 'फ्रॉम दीज अ‍ॅशेस' मध्ये एकत्र आहेत पण जाडजूड आणि महाग, मी तरी सुरुवातीला घेणार नाही. वाचायचा कंटाळा असेल तर 1955 ते 58 च्या 'एक्स मायनस वन' या रेडिओ मालिकेत शेकलीच्या बऱ्याच कथा आहेत, 'स्कल्किंग परमिट' सुद्धा, स्वयंपाक करता करता ऐकायला मस्त.

क्रम विचाराल तर 'स्कल्किंग परमिट', मग 'वॉचबर्ड', मग 'प्राइझ ऑफ पेरिल'. या तिन्ही आवडल्या तर आणखी शेकली वाचतच बसू नका, त्याचा फॉर्म्युला पाठ व्हायच्या आत 'लिटल ब्लॅक बॅग' घ्या. आणि ती आवडली तरच 'मार्चिंग मोरॉन्स', नाहीतर ती राहू दे. तिन्हीपैकी एकही नाही आवडली तर तुम्हाला ब्राऊन चालेल कदाचित, किंवा हा काळच तुमचा नाही, असंही असतं.

जाता जाता, ज्यांना यातलं काही मराठीत आणायची खाज आहे त्यांच्यासाठी. आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं, म्हणजे कॉर्नब्लुथने एकट्याने लिहिलेलं आणि त्याच्या हयातीत छापलेलं 2019 पासून मोकळं आहे, परवानगीची भानगड नाही. पोलबरोबर लिहिलेलं मात्र नाही, पोल 2013 पर्यंत होता. शेकली आणि ब्राऊनच्या बाबतीत गुटेनबर्गवर कथा दिसली म्हणून लगेच छापायला घेऊ नका, कथेगणिक चौकशी करा. आणि कुणी 'लिटल ब्लॅक बॅग' घेतलीच तर डॉक्टर फुलला साजूक पुस्तकी मराठी बोलायला लावू नका, तो गुत्त्यातून उठून आलेला माणूस आहे.